आरटीईच्या २५ टक्के जागा आणि एक किलोमीटरची अट

आरटीई प्रवेश सुरू झाले की पनवेलमध्येही पालक विचारतात, "सर, घराजवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत नंबर लागत नाही ना?" लागू शकतो. शेवटी लॉटरी असते, पण ती अट आता नाही.

हा घोळ ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेचा. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिला २५ टक्के राखीव जागांतून सूट, असं त्यात होतं. शहरात एक किलोमीटरमध्ये अशी शाळा नाही असं किती ठिकाणी सापडेल?

मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली. संसदेच्या २००९ च्या कायद्यात, कलम १२ मध्ये, अशी सूटच नाही. राज्याचे नियम कायदा राबवण्यासाठी असतात. कायद्याने मुलाला दिलेलं नियमाने काढून घेता येत नाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला.

मुलं आपल्याच शाळेत यावीत असं आम्हा शिक्षकांनाही वाटतं. पण शाळा निवडायचा हक्क पालकांचा.

एक लक्षात ठेवा, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना ही सक्ती नाही. फॉर्म भरताना यादी नीट बघा.