घड्याळावरचे '२०० मीटर'

आमच्यापैकी एकाच्या मनगटावर गेली बरीच वर्षे एक जाडजूड जपानी घड्याळ आहे. सायकोचे 'एसकेएक्स ००७'. हे मॉडेल १९९६ साली बाजारात आले. आता कंपनी ते बनवत नाही. त्यात सेल नाही. हात हलला की आतले अर्धगोल वजन फिरते आणि स्प्रिंगला चावी मिळते. तबकडीवर 'डायव्हर्स २०० मीटर' असे लिहिले आहे. ते वर्गात नेले की मुले हमखास दोन प्रश्न विचारतात. २०० मीटर म्हणजे काय? आणि काचेभोवतीची कडी एकाच दिशेने का फिरते?

पहिला प्रश्न दाबाचा आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम वजनाइतका वाढतो. २०० मीटरवर तो २० किलो झाला. काचेचा व्यास ३ सेंमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौ. सेंमी. म्हणजे काचेवर १४० किलोचा भार! दोन मोठी माणसे त्या एवढ्याशा काचेवर उभी आहेत असे समजा. काच जाड असते ती यासाठी.

पण पाणी काचेतून शिरत नाही, फटीतून शिरते. काच, मागचे झाकण आणि काटे फिरवायची किल्ली या तीन ठिकाणी रबरी कड्या असतात. घरच्या कुकरची रिंग आठवा. झाकण आतून बसणाऱ्या कुकरमध्ये वाफेचा दाबच झाकण रिंगवर घट्ट दाबून धरतो. इथे दाब बाहेरून आहे, एवढाच फरक. पाणी काच आणि झाकण आपापल्या कडीवर अधिकच दाबते. किल्ली मात्र आपल्यालाच आटे फिरवून घट्ट करावी लागते, आणि नेमके तेच लोक विसरतात.

पोहताना हात पाण्यावर आपटल्याने दाब कितीतरी पट वाढतो, असे घड्याळवाले सांगतात. हिशेब करून पाहू. गतीमुळे येणारा दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हात सेकंदाला १० मीटर या भलत्याच वेगाने आपटला असे धरले तरी उत्तर येते ५०,००० पास्कल, म्हणजे अर्धे वातावरण, म्हणजे पाच मीटर पाणी. २०० मीटरपुढे हे काहीच नाही.

मग घड्याळात पाणी जाते कसे? आमचाच अनुभव सांगतो. एका दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले आणि जुनीच कडक झालेली कडी परत बसवली. घड्याळ समुद्रात गेलेच नाही. पण थोड्याच दिवसांत कढत पाण्याने अंघोळ करून गार पाण्याखाली हात धरला, तर काचेला आतून घाम! वाफ आत शिरली होती, ती थंड काचेवर जमली. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातली एक चाचणी अशीच आहे. घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत तापवायचे, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून धुके दिसले तर घड्याळ नापास. दाबाची चाचणी लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला होते. पण तेव्हा घड्याळ नवे असते, रबर ताजे असते. आकडा तबकडीवर कायम राहतो, रबर राहत नाही.

आता ती कडी. पाणबुड्या बुडी मारताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. पुढे काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटे गेली. हे मोजणे जिवाचे काम आहे. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. जास्त वेळ राहून सरळ वर आले तर, सोड्याची बाटली उघडावी तसे, त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी लकवा होतो, माणूस दगावतोही. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यांप्रमाणे १८ मीटरवर ६० मिनिटे राहून थेट वर येता येई; ३० मीटरवर फक्त २५.

समजा ४० मिनिटे झाली आहेत आणि कडी खडकाला घासून १० मिनिटांनी सरकली. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकली, तर घड्याळ ३० दाखवील आणि पाणबुड्या १० मिनिटे जास्त थांबेल. उलट दिशेने सरकली, तर ५० दाखवील आणि तो लवकर वर येईल. नुकसान एवढेच, की चार मासे कमी दिसतील. म्हणून सायकलच्या फ्रीव्हीलसारखी दाते आणि स्प्रिंगची योजना करून कडी फक्त उलट दिशेने फिरू देतात. आमच्या घड्याळात एका फेरीत १२० 'टिक' होतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या घेऊन हे वर्गात करता येईल. चूक कोणत्या बाजूला झालेली परवडते ते मुलांनाच शोधू द्या.

आणि असे घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे जात असले तरी तासाभरात फरक सव्वा सेकंदाचाच. १९८० च्या दशकापासून हे काम मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर करू लागले. यांत्रिक घड्याळ आता बहुधा जोडीला असते. आमची कडी सध्या तासिकेची ३५ मिनिटे मोजते.