सव्वीस फुटांचा संसार

शिडाची बोट घ्यायची म्हटल्यावर मंडळातल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला, "झोपायची सोय किती जणांची?" जाहिरातीही तेच सांगतात : बर्थ पाच, बर्थ सहा. पण हा हिशेब धक्क्याला बांधलेल्या बोटीचा. शीड भरलं की बोट एका कुशीवर कलते. मग नाळेकडची ऐसपैस डबल बर्थ लाटेगणिक आपटते आणि जेवणाचं टेबल खाली करून केलेल्या पलंगावरून माणूस घरंगळतो. तिथे निजणार कोण?

आम्ही साउदॅम्प्टनजवळ राहतो. शाळेत भूगोल शिकवताना भरती-ओहोटी मी फळ्यावर काढायचे. इथे उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटर चढतं-उतरतं. म्हणून ओहोटीला चिखलात सरळ बसणाऱ्या, दोन कील असलेल्या जुन्या बोटीच आम्ही पाहिल्या. त्यातली वेस्टर्ली सेंटॉर मनात भरली. लांबी 26 फूट, तरंगायला तीन फूट पाणी पुरे. 1969पासून सुमारे अकरा वर्षांत अशा 2,400हून जास्त बोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे जुनी बोट मिळते आणि माहितगारही भेटतात.

आतली मांडणी मात्र सगळ्यांत सारखी नाही. काहींत एका बाजूला टेबल आणि समोरासमोर बाकं असतात; पाहुण्यांना चहा द्यायला झकास. मला पटली ती मधोमध दोन्ही बाजूंना लांब, सरळ बाकं असलेली. मध्यभागी हेलकावे कमी. बाकाच्या कडेला जाड कापडाचा आडोसा बांधला की कललेल्या बोटीतही मूल पडत नाही आणि सुकाणूवरून दारातून दिसत राहतं. स्वयंपाकाचा कोपरा पायऱ्यांपाशीच हवा. तिथे वारा लागतो, मळमळ कमी होते. शेगडी झोक्यासारखी टांगलेली हवी, म्हणजे भांडं सपाट राहतं. (कुकर नेणार. त्यावर चर्चा नाही.)

शिडांवर आमच्या घरात जास्त वाद झाला. नवऱ्याला दोन डोलकाठ्यांची केच हवी होती. त्यात शिडं वाटली जातात, प्रत्येक शीड लहान आणि हाताळायला हलकं. मुद्दा खरा आहे, पण 26 फुटांत दुसरी काठी बसण्याच्या जागेत अडचण करते आणि दोरखंडांचा खर्च वाढतो. कोकणातल्या मचव्याचं शीडही देखणं, पण त्याची लांब तिरकी काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला चार हात लागतात. आमच्याकडे मोठी माणसं दोन, त्यातलं एक मुलीजवळ.

शेवटी मी एकच अट घातली. बोट पाहायला गेलं की नवऱ्याने हात बांधून बसायचं आणि मुख्य शीड मी एकटीने आखडून निम्मं करायचं. तो आजारी पडला किंवा पाण्यात पडला, तर बोटीवर उरेन मीच. पहिल्या बोटीत त्यासाठी डोलकाठीपर्यंत जावं लागलं. वारा बेताचाच होता, तरी एक हात सतत कठड्यावर. दुसरी एका काठीची साधी स्लूप होती. पुढचं शीड गुंडाळलं जाणारं, मोठ्या शिडाच्या दोऱ्या मागे बसल्या जागी आणलेल्या. मी जागेवरून उठले नाही. 1960च्या अटलांटिक शर्यतीत ब्लॉंडी हॅस्लरने 'जेस्टर' या 25 फुटी बोटीवर चिनी धर्तीचं शीड लावलं होतं, तेही याच सोयीसाठी : डेकवर न जाता ते आखडता यायचं.

केचचा विषय त्या दिवशी संपला. बोट एप्रिलमध्ये पाण्यात उतरेल. कापडी आडोसे मी शिवायला घेतले आहेत.