लेखांचे पुनर्प्रकाशन : सर्च इंजिनमधील मूळ लेखाचे स्थान कसे राखावे?

म्हैसूर : भारतीय भाषांतील शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि ज्ञानपर साहित्य एकाच ठिकाणी उपलब्ध व्हावे, या हेतूने म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थानाने २०१६ मध्ये ‘भारतवाणी’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेच्या उपक्रमातून विविध संस्थांनी पूर्वी प्रसिद्ध केलेले साहित्य मराठीसह अनेक भाषांच्या वाचकांपर्यंत पोहोचते. पुनर्प्रकाशनाचा हा लाभ मोठा आहे. मात्र तोच मजकूर मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावरही असेल, तर सर्च इंजिन वाचकाला कोणत्या पानावर नेणार, हा प्रश्न कोणत्याही पुनर्प्रकाशनात उपस्थित होतो.

एकच मजकूर दोन ठिकाणी दिसल्यास सर्च इंजिन संकेतस्थळाला शिक्षा करते, असा समज रूढ आहे. फसवणुकीचा हेतू नसल्यास अशी शिक्षा होत नाही, असे गुगलने २००८ मध्येच स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात सर्च इंजिन समान पाने एकत्र गटात टाकते आणि त्यांपैकी एकाचीच प्रातिनिधिक म्हणून निवड करते. खरी हानी येथे संभवते. मोठ्या संकेतस्थळावरील प्रत निवडली गेली, तर मूळ लेख शोधनिकालांतून मागे पडतो. मूळ लेखात नंतर केलेली दुरुस्तीही वाचकापर्यंत पोहोचत नाही आणि जुनी, सदोष प्रतच वाचली जाते.

यावरील एक उपाय म्हणजे ‘कॅनॉनिकल’ खूण. फेब्रुवारी २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिला एकत्रितपणे मान्यता दिली. पुनर्प्रकाशित पानाच्या संगणकीय संहितेत ही खूण घालून मूळ लेखाचा पत्ता नोंदवला जातो. परंतु सर्च इंजिनच्या दृष्टीने ती आज्ञा नसून केवळ सूचना असते. दोन संकेतस्थळांवरील पानांची मांडणी, शीर्षके आणि सोबतचा मजकूर बराच वेगळा असल्यास ती सूचना डावलली जाऊ शकते. म्हणूनच पुनर्प्रकाशनासाठी केवळ या खुणेवर विसंबू नये, असे गुगलच्या मार्गदर्शनात २०२३ पासून नमूद आहे.

अधिक खात्रीचा मार्ग ‘नोइंडेक्स’ या आदेशाचा आहे. तो दिलेले पान वाचकांसाठी खुले राहते, पण सर्च इंजिनच्या सूचीत येत नाही. येथे एक चूक वारंवार घडते. ‘रोबोट्स’ फाइलद्वारे त्या पानाचा मार्गच बंद केल्यास सर्च इंजिनला पान वाचता येत नाही आणि त्यामुळे त्यावरील ‘नोइंडेक्स’ आदेशही दिसत नाही. त्यासाठी पान वाचण्याची मुभा खुली ठेवणे आवश्यक असते.

भाषांतराचा विचार वेगळा आहे. कन्नड लेखाचा मराठी अनुवाद ही सर्च इंजिनच्या दृष्टीने मूळ लेखाची प्रत ठरत नाही. दोन्ही पाने परस्परांशी ‘एचरेफलँग’ खुणेने जोडल्यास प्रत्येक वाचकाला त्याच्या भाषेतील पान मिळण्यास मदत होते. मात्र शोधनिकालांत वरचे स्थान मिळवण्यासाठी यंत्राने ढीगभर भाषांतरे करून ती न तपासता प्रसिद्ध करणे, हे गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे.

‘कॅनॉनिकल’ आणि ‘नोइंडेक्स’ या दोन्ही खुणा पुनर्प्रकाशकाच्या पानावर असतात. मूळ लेखक किंवा प्रकाशक त्या स्वतः घालू शकत नाही. त्यामुळे परवानगी देतानाच त्यांविषयीची अट लेखी नमूद करणे हिताचे ठरते. मूळ लेख आधी प्रसिद्ध होऊन सर्च इंजिनच्या सूचीत आल्यानंतरच तो अन्यत्र देणे, लेखकाचे नाव, मूळ प्रसिद्धीची तारीख आणि मूळ लेखाचा दुवा ठळकपणे छापणे, तसेच मूळ लेखात दुरुस्ती झाल्यास ती प्रतीतही करणे, या अटी त्यात असाव्यात. संपूर्ण लेख देण्याची गरज नसेल, तर सारांश आणि दुवा देऊनही प्रसाराचा हेतू साध्य होतो.