कासवाला लगेच समुद्रात का सोडू नये?

पावसाळ्यात नैऋत्येचे वारे जोर धरू लागले, की झाईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे येऊन पडतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जातीची अधिक. पाहणारा माणूस दयाळू असला, तर कासव उचलून पुन्हा पाण्यात सोडतो. पुष्कळदा हीच दया त्याच्या जिवावर बेतते.

कासव पाण्यात राहत असले, तरी ते मासा नव्हे. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. शांत विसावलेले कासव काही तास श्वासावाचून राहू शकते. हृदयाचे ठोके मंदावतात आणि प्राणवायू पुरवून वापरला जातो. जाळ्यात अडकून धडपडू लागले, की हाच साठा भराभर संपतो. रक्तात लॅक्टिक आम्ल साचते आणि कासव बेशुद्ध होते. असे कासव अगदी मेल्यासारखे दिसते. त्याला पाण्यात टाकले, तर ते सरळ बुडून मरते. पाण्याच्या टबात ठेवणेही तितकेच घातक.

मग करावे काय? कासव पोटावर ठेवून मागची बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावी. फुप्फुसे पाठीच्या कवचालगत असतात. या उतारामुळे आत शिरलेले पाणी तोंडाकडे वाहू लागते. सावलीत ओले गोणपाट पाठीवर घालावे, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवाव्यात. डोळ्याच्या कडेला हलकेच स्पर्श करून पापणी हलते का, ते अधूनमधून पाहावे. शुद्धीवर यायला कधी २४ तासही लागतात! तोवर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जमिनीवरच्या कासवाप्रमाणे समुद्री कासवाला मान व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत, म्हणून तेच दोऱ्यात गुरफटतात. पूर्वीची सुती जाळी समुद्रात हरवली तर कुजून जात. नायलॉन वर्षानुवर्षे टिकतो. फास आवळला की रक्तपुरवठा तुटतो, आणि वल्ह्यासारखा तो पाय अखेर झडतो. पुढचा एक पाय गेलेले कासव पोहू शकते. दोन्ही गेले तर समुद्रात जगणे अशक्यप्राय. मागचा पाय गमावलेल्या मादीला अंड्यांसाठी खड्डा नीट खणता येत नाही.

डहाणूला पारनाक्यावर वनखाते आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था अशा कासवांवर उपचार करतात. काही कासवे तेथे एका अंगावर कलून तरंगताना दिसतात. फुप्फुसाच्या विकारात असे होऊ शकते. त्यांना बुडी मारता येत नाही, म्हणजे खाणेही मिळत नाही. त्यांना समुद्रात सोडण्याची घाई करून काय उपयोग?

कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण अडकलेले कासव सोडवायला जाळे कापावे लागते, आणि जाळे हेच मच्छीमाराचे भांडवल. नुसत्या कायद्याने ते कापले जाईल, ही अपेक्षा मला तरी अवास्तव वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरवली, ती म्हणूनच महत्त्वाची. भरपाईसाठी पुरावा म्हणून छायाचित्र लागते. तेव्हा जाळे कापताना होडीवरच्या दुसऱ्या कोणीतरी ते काढून ठेवावे.