दोघांची खोली, तिचं नाव

‘लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेलो नाही गं...’ महिला मंडळात गप्पा रंगल्या की हे वाक्य हमखास कानी येतं. पंढरपूरला गेलो ते सासूबाईंना घेऊन, महाबळेश्वरला गेलो ते दीर-जाऊ आणि सगळी पोरंटोरं मिळून. दोघांनीच हॉटेलात जायचं तर खर्चही वाटतो आणि मनाला अवघडलेपणही! अशा जोडप्यांसाठी कोकणातल्या गावांत एक छान सोय रुजली आहे. राहत्या घराला लागून, माडा-पोफळींच्या बागेच्या कडेला बांधलेली, दोघांपुरती स्वतंत्र खोली.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबागकडे पाहुण्यांची पावलं वळली. पर्यटन महामंडळाच्या ‘न्याहारी निवास’ योजनेत घरोघरच्या रिकाम्या खोल्यांची नोंद होऊ लागली. पण घरातलीच खोली दिली की पडवी एक, न्हाणीघर एक. पाहुणे संकोचून बसतात, आणि घरच्या बाईला तर स्वतःच्याच घरात घटकाभर पाठ टेकायची चोरी! पहाटे बंब पेटवण्यापासून रात्री शेवटचं ताट उचलेपर्यंत ती पदर खोचून उभीच.

वेगळ्या खोलीनं हे चित्र पालटतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, स्वतःचं दार, स्वतःचं न्हाणीघर-संडास, पुढे दोन खुर्च्या मावतील एवढी पडवी आणि चहापुरता छोटा ओटा. पाहुणे कधीही उठोत, आपला चहा आपण करून घेतात. त्यांना एकांत मिळतो आणि घरच्या बाईला तिचं घर परत मिळतं!

असं काही बांधायचं मनात असेल, तर मैत्रिणींनो, रंग-पडद्यांच्या आधी काही गोष्टी बघा. खोली माडाच्या खाली नको. नारळ आणि झावळ्या पडतात. जांभा दगड सच्छिद्र, त्यातून घाण पाणी झिरपतं. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून चांगला लांब हवा. मे महिन्यात, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत, विहिरीला किती पाणी राहतं ते आधी पाहा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, तेव्हा पागोळ्या भिंतीपासून दूर पडायला हव्यात. खिडक्यांना जाळी, हाताशी विजेरी आणि खोलीपर्यंतच्या वाटेवर दिवा हवाच. आणि हो, जूनपासून समुद्र खवळलेला, किल्ल्याच्या होड्या बंद. त्या महिन्यांत खोली रिकामी राहील असं धरूनच हिशेब मांडा.

आणखी एक. दोघं सज्ञान असली आणि दोघांनी ओळखपत्रं दाखवली, की नोंदवहीत नावं लिहायची आणि किल्ली द्यायची. गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही, हे पाहणं आपलं काम नव्हे. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावं.

आता खरा प्रश्न. चादरी ती धुते, घावणे ती घालते, सोलकढी ती करते. पण पाटीवर नाव सासऱ्यांचं, फोन मुलाचा आणि पैसे जमा होतात नवऱ्याच्या खात्यात! बचत गटाच्या बैठकीत विचारलं, ‘महिन्याला काय सुटतं?’ तर उत्तर आलं, ‘ते ह्यांना माहीत.’

म्हणून राज्य सरकारनं 2023 मध्ये जाहीर केलेलं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण माहीत करून घ्या. व्यवसाय स्त्रीच्या मालकीचा असेल आणि तीच तो चालवत असेल, तर 15 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची त्यात तरतूद आहे. ही मदत जास्तीत जास्त 7 वर्षं किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत. हप्ते मात्र वेळेवर भरायला हवेत. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर कोणते कागद लागतील, हे पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. ‘हे विचारून येतील’ म्हणू नका! खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे वेगळे लिहा. रांधण्याचं मोल त्याशिवाय कुणाला दिसत नाही.

आणि पाहुणी म्हणून जाणाऱ्या सख्यांनो, तिथला ओटा पोळ्या लाटायला नाही हं! चहा त्यांना करू दे. तुम्ही पडवीत बसा, जेवण घरच्या वहिनींना सांगा आणि निघताना पैसे त्यांच्याच हातात द्या. एकीची सुटी आणि दुसरीची कमाई, दोन्ही पुऱ्या होतील.