तेल जाळ्यात सापडते तेव्हा

नानकटाई खुसखुशीत का लागते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? मैद्यात पाणी पडले, की त्यातील प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेनचे चिवट धागे बनतात. तूप मैद्याच्या कणांना लेप देऊन ही गुंतागुंत रोखते. शिवाय घट्ट तूप फेसले, की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. पातळ तेलात ते टिकत नाहीत. म्हणून बेकरीला घट्ट मेद हवा असतो.

तेलाचे रेणू दुहेरी बंधांपाशी वाकलेले असतात. ते नीट रचून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ! निकेलच्या साहाय्याने तेथे हायड्रोजन जोडला, की रेणू सरळ होतात आणि तेल घट्ट होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली याचे पेटंट घेतले. वनस्पती तूप याच रीतीने तयार होऊ लागले. परंतु ही क्रिया अर्धवट राहिली, तर उरलेल्या काही दुहेरी बंधांची ठेवण बदलते. हेच ट्रान्स मेद. ते रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात व हृदयविकाराचा धोका निर्माण करतात. भारतात जानेवारी २०२२ पासून त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पाम तेलाचे घट्ट मेद वापरावेत, तर त्यांत संपृक्त मेद बरेच!

मग रेणूंना हात न लावताच तेल घट्ट करता येईल का? होय. गरम तेलात थोडे मेण विरघळवून ते निवू द्यायचे. मेणाचे सूक्ष्म स्फटिक जाळे विणतात आणि तेल त्यात अडकते. याला ओलिओजेल म्हणतात. त्यासाठी तांदळाच्या कोंड्यातील मेणही चालते.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. ५० ग्रॅम तेलात ५ ग्रॅम मधमाश्यांचे मेण घाला. भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा. हे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते पूर्ण विरघळले, की मिश्रण न हलवता निवू द्या, तेल थिजेल. पुन्हा तापवा, ते पातळ होईल. म्हणजे तेल मूळचेच राहिले, बदलली ती फक्त रचना! (हे मिश्रण खाऊ नका.)

ओलिओजेलची बिस्किटे शास्त्रज्ञांनी करून पाहिली आहेत. खारीचे काम मात्र अवघड. तिच्या पापुद्र्यांमधला मेद लाटताना न तुटता पसरला पाहिजे, पण वितळता कामा नये. मेण जास्त झाले, तर तोंडात मेणचटपणा राहतो. खारीला पेलेल असे जाळे कशाचे विणावे? या प्रश्नाचे उत्तर कदाचित तुमच्यापैकीच कोणी शोधील!