दात्यांवर चालणारे इंजिन

संपादकांना पवनीहून नॅरोगेजवर लेख हवा होता. कारण साधे होते. ज्या नागपूर–नागभीड मार्गावर आमचे पवनी रोड स्टेशन आहे, तो मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने 1908 साली सुरू केला आणि 2019 मध्ये तो ब्रॉडगेजसाठी बंद झाला. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. त्या गाडीचा इतिहास आणि तिची इंजिने नागपूरच्या मोतीबाग इथल्या नॅरोगेज संग्रहालयात 2002 पासून नीट मांडून ठेवली आहेत, तिथे जाऊन पाहावीत. माझे मन मात्र त्या इंजिनांविषयी वाचता वाचता एका वेगळ्याच नॅरोगेज इंजिनावर गेले, आणि सध्या माझ्या टेबलावर पितळेच्या पट्ट्या, तांब्याचा बॉयलर आणि दातेरी चाके होऊन तेच पसरले आहे. हे शे इंजिनाचे किट. जोडून झाल्यावर ते खऱ्या वाफेवर चालते.

आपल्या नॅरोगेजची इंजिने दांड्यांची. सिलिंडरमधला पिस्टन दांडी ढकलतो, दांडी थेट चाक फिरवते. सपाट मुलखात याहून सोपे काही नाही. पण चढ आणि वळणे आली की दांड्यांनी एकमेकांना जखडलेली चाके अडतात. माथेरानच्या गाडीला हा प्रश्न आला होता. 1907 साली सुरू झालेल्या त्या वाटेवर वीस फुटांना एक फूट चढ आहे आणि वळणे अतिशय तीव्र. तिथल्या ऑरेनस्टाइन उंड कोप्पेल इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस दिले गेले. पोकळ आसाच्या आत दुसरा आस, त्यामुळे टोकाची चाके वळणावर थोडी सरकतात. फार हुशारीचे काम आहे. तरी चाके ढकलायला दांड्याच.

एफ्रेम शे या अमेरिकी लाकूड व्यापाऱ्याने दांड्याच काढून टाकल्या. मिशिगनच्या जंगलात ओंडके ओढण्यासाठी त्याचे रूळ लाकडी होते, आणि जड दांडीचे इंजिन ते मोडून टाकी. त्याने 1870 च्या दशकात सपाट वाघिणीवर बॉयलर ठेवला, पुढे सिलिंडर उजव्या बाजूला उभे लावले आणि त्यांची ताकद एका लांब फिरत्या शाफ्टवर आणली. शाफ्ट दोन्ही टोकांना बोग्यांकडे, म्हणजे इंजिनाखालच्या वळणाऱ्या चाकांच्या चौकटींकडे, जातो आणि प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या तोंडावर बसवलेल्या बेव्हल गिअरला फिरवतो. 1881 मध्ये पेटंट मिळाले. ओहायोतल्या लिमा कारखान्याने 1945 पर्यंत अशी सुमारे 2,770 इंजिने केली. तैवानच्या अलीशान डोंगरावर ती धावली, आणि तिथला गेजही आपल्यासारखाच 762 मिलिमीटरचा.

या इंजिनाचे वजन वाया जात नाही. त्याचे एकूण एक चाक ओढते. नुसते भार वाहणारे चाक त्याला नाही. सिलिंडर उजवीकडे असल्याने बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. समोरून पाहिले तर इंजिन वाकडे बांधल्यासारखे दिसते, पण तोल बरोबर असतो. आवाजही निराळा. दोन सिलिंडरचे दांडीचे इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा फुसफुसते. तीन सिलिंडरच्या शेमध्ये शाफ्टच्या एका फेरीला सहा फुसकारे, आणि गिअरमुळे शाफ्ट चाकाच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो. म्हणजे चाकाच्या फेरीला बारा. ऐकणाऱ्याला वाटते गाडी सुसाट चालली आहे. प्रत्यक्षात ती ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर क्वचितच जाते.

माझी नजर खिळली ती त्या शाफ्टवर. बोगी वळणावर फिरते, रुळाच्या खड्ड्यात खाली-वर होते, आणि शाफ्टने तरीही फिरत राहायचे. म्हणून त्यात युनिव्हर्सल जॉइंट असतात. पवनीच्या रस्त्यावर ट्रक उघडून बसलेला मेकॅनिक त्याला नुसते क्रॉस म्हणतो. शिवाय शाफ्टचा मधला भाग चौकोनी नळीत चौकोनी दांडा असा सरकता असतो, कारण बोगी वळली की अंतर वाढते-घटते. क्रॉसची एक खोड आहे: कोनात असताना तो एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. दोन क्रॉस एकमेकांशी नीट जुळवले, म्हणजे मधल्या दांड्यावरचे क्रॉस धरणारे दोन्ही काटे एकाच पातळीत ठेवले आणि दोन्हीकडचा कोन सारखा राहिला, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. काटे नव्वद अंशांनी फिरवून बसवले तर चूक वाढते. टेबलावर हे हाताला लगेच कळते. चाक अडखळत फिरते, जणू एखाद्या दात्याला काही चिकटले आहे, आणि माणूस उगाच दाते कानसत बसतो. आधी क्रॉस पाहावेत.

आमच्या जिल्ह्याला पितळ परके नाही. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. तांबे-पितळेला डाग द्यायचे, ठोकायचे, झाळायचे ज्ञान इथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यांचे आहे, आणि किटमधल्या कामाचा बराचसा भाग त्याच जातीचा आहे. फरक आकाराचा. खरी अडचणही आकारातच आहे, आणि ती मी नीट मांडणार आहे, कारण किटवरच्या चित्रात ती दिसत नाही.

निसर्ग मापाने लहान होत नाही. इंजिन विसाव्या हिश्श्याने लहान केले तर बॉयलरचे पाणी आठ हजारावा भाग उरते, पण बॉयलरचा पृष्ठभाग चारशेवा. म्हणजे प्रत्येक थेंबामागे उष्णता निसटायला वीसपट जागा. वाफ सिलिंडरपर्यंत पोचेपर्यंत तिचे बरेचसे पाणी होते. म्हणून सुरुवातीला इंजिन पाणी थुंकते, आणि सिलिंडर पुरते तापेपर्यंत धीर धरावा लागतो. दात्यांमधली फटही मापाने लहान करून चालत नाही. फार घट्ट बसवले तर घर्षण सगळी ताकद खाते, सैल बसवले तर दाते टकटक करत झिजतात. मधली जागा कागदाच्या जाडीची, आणि बोगीच्या प्रत्येक चाकासाठी वेगळी शोधावी लागते. दांडीच्या मॉडेलमध्ये एक ढिलाई चालून जाते. इथे प्रत्येक ढिलाई पुढच्या गिअरला मिळून मोठी होते.

तेलाची सोय मला फार आवडली. छोट्या डबीत जाड तेल असते. त्यात थोडी वाफ शिरते, थंड होऊन पाणी होते, पाणी तळाला बसते आणि तेवढेच तेल वर उचलून वाफेच्या वाटेत सोडते. पंप नाही, झडप नाही. फक्त प्रत्येक वेळी इंजिन चालवून झाल्यावर तळाचे पाणी काढायला विसरू नये, नाहीतर सिलिंडर कोरडे चालतात.

त्यानंतर आटे. ब्रिटिश बनावटीच्या अनेक मॉडेलांत स्क्रू बीए मापाचे असतात, अमेरिकी बनावटीत इंचाचे. आपल्या दुकानात मिलिमीटरचे. दोन मिलिमीटरच्या जवळपासचा एक स्क्रू पडून हरवला तर पवनीत तो मिळत नाही. त्याच्या जागी जवळच्या मापाचा मिलिमीटरचा स्क्रू दाबून घातला तर पितळेतले आटे कायमचे जातात. किट मागवताना आट्यांचे माप आधी विचारा आणि जास्तीचे स्क्रू त्याच वेळी मागवा.

आणि गॅस. बहुतेक लहान इंजिने ब्यूटेनवर पेटतात. थंड देशांत लोक गॅसची टाकी कोमट पाण्यात ठेवतात, कारण थंडीत ब्यूटेनचा दाब पडतो. आपल्याकडे उलट. वीस अंशांना ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो, आणि पंचेचाळीस अंशांना तो चौपटीच्या वर जातो. वैशाखात विदर्भातल्या दुपारी टाकी भरली तर ज्योत भडकते आणि झडप हलकेच फिरवूनही आवरत नाही. टाकी पूर्ण भरायची नाही, सावलीत भरायची, भरताना जवळ ज्योत नको, आणि चालवताना टाकीभोवती गार पाणी ठेवायचे. मी उन्हाळ्यात गॅस भरणारच नाही. तोवर दुसऱ्या बोगीचे गिअर बसवायचे, क्रॉस जुळवायचे आणि शाफ्ट बोटाने फिरवून पाहायचा. पहिली वाफ पाऊस सुरू झाल्यावर, सकाळी, वैनगंगेकाठच्या घराच्या ओट्यावर.